माझ्यावर बसलेला माणूस

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. माझ्या बैठकीला मधोमध भोक आहे आणि खाली बादली. ओळखलंत ना? मग खुशाल नाक मुरडा. नाक मुरडणारे मी जन्मभर पाहत आले आहे.

लोखंडी नळ्या वाकवून मला घडवले. माझ्या बहिणी कचेऱ्यांत गेल्या, माझ्या वाट्याला औषधांचे दुकान आले. तिथून मी भाड्याने घरोघरी जाई. असे एकही घर नाही, जिथे पाहुणे आल्यावर माझ्यावर चादर टाकली नाही. घाणीची मला सवय होती. किळस यायची ती माणसांची.

एकदा मी एका सलूनवाल्याच्या घरी गेले. माणूस भारी टापटिपीचा, कॉलरवर केस पडला तरी शर्ट बदलणारा. पक्षाघाताने त्याची उजवी बाजू लुळी पडली होती. शब्द घशात अडकत, पण समजत सारे होते. बायको शिवणकाम करणारी. तिने मशीन झाकून ठेवले आणि नवऱ्याचे हगणे-मुतणे काढू लागली. ती पुसायची, तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. पुसताना ती हसायची. त्या चिकटवलेल्या हसण्याने माझ्या लोखंडी नळ्यांनाही शिसारी यायची. हळूहळू दोघांचे बोलणे 'झालं का?' आणि 'उठा' एवढ्यावर आले.

त्यात त्याची धाकटी बहीण यायची. नाकाला पदर लावून दारातच उभी राहायची.

"वहिनी, तू देवी आहेस गं. दुसरी कुणी असती तर माहेरी पळाली असती. दादाला काही कळतं का?"

दादा माझ्यावरच बसलेला असे. त्याला ऐकू येत होते. शी! बादलीतली घाण धुतली की जाते, हे बोलणे धुवायचे कशाने?

एका सकाळी बादली तिच्या हातून निसटली आणि सगळे फरशीवर, तिच्या पायांवर सांडले. ती पुसायला वाकली आणि तशीच खाली बसली. हसू कुठल्या कुठे गेले.

"अहो, मला किळस येते," ती म्हणाली. "रोज येते. तुमची नाही, याची. पण आता दोन्ही एकच वाटायला लागलंय, त्याची भीती वाटते."

त्याने पहिल्यांदाच भिंतीकडून मान वळवली. ओठ बराच वेळ धडपडले.

"म... मला पण."

मग दोघांना हसू फुटले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या घाणीत बसून ती दोघे नवरा-बायकोसारखी हसत होती.

त्या आठवड्यात तिने सकाळच्या कामाला एक माणूस ठेवला. बहिणीला ते रुचले नाही.

"नवऱ्याचं करायला गडी ठेवतात का कुठं?"

"त्यांचं धुणारं कुणीही मिळेल," ती शांतपणे म्हणाली. "त्यांच्याशी भांडणारी मी एकटीच आहे. आणि ते समोर बसलेत, काय विचारायचं ते त्यांनाच विचार."

बहिणीने पदर खाली घेतला.

मशीन पुन्हा सुरू झाले. दुपारी ती दोघे पत्ते खेळू लागली. डाव्या हाताने तो पाने लपवायचा आणि ती त्याला लबाड म्हणायची. पुढे तो काठी टेकत आपल्या पायांनी मोरीपर्यंत जाऊ लागला आणि मला परत औषधांच्या दुकानाच्या माळ्यावर टाकले. तिथे माझ्या पायांना गंज चढतो आहे. चढू दे.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. आजाऱ्याची सेवा करणारीला देवी म्हणू नका. देवीला कंटाळा येऊन चालत नाही, किळस येऊन तर नाहीच नाही. त्यापेक्षा एक दिवस तिच्या हातातली बादली तुम्ही घ्या. नाक दाबून घेतलीत तरी चालेल. फक्त माझ्यावर बसलेल्या माणसाला आधी नमस्कार करा.