दिव्यदृष्टीचा हिरवा दिवा

फळं भरायच्या शेडसमोर झुंबड उडाली होती. कुणी बरणीत कोंडलेला साप आणला होता, कुणी फोनमध्ये फोटो. मधोमध खुर्ची टाकून दृष्टीदादा बसले होते, पुढ्यात कॅमेरा आणि दोन दिवे असलेलं यंत्र.

"माझी दिव्यदृष्टी मी या यंत्रात उतरवली आहे! हिरवा दिवा लागला तर साप बिनविषारी, लाल लागला तर साक्षात काळ! माणूस चुकेल, यंत्र चुकणार नाही!"

दिवा लागला की टाळ्या पडत. लाल लागलेला साप लोक ठेचत, हिरवा लागलेला सोडून देत. खरं-खोटं कळणार कसं? कामगार गमबूट घालायचं सोडून दादांच्या पाया पडू लागले होते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझी धाकटी नणंद त्याच शेडमध्ये पेट्या भरायची. एका दुपारी शेडमागच्या गवतात तिला साप चावला. तिच्या नवऱ्याने सापाचा फोटो काढून दादांना दाखवला आणि तिला घरी आणलं. मी धावत गेले.

"वहिनी, हिरवा लागलाय. दादा म्हणाले, भीतीने गळाली आहे, झोपू द्या," तिचा नवरा म्हणाला.

ती झोपली नव्हती. तिला पापण्याच उचलता येत नव्हत्या.

"वहिनी... तू दोन दोन दिसतेस," ती अडखळत म्हणाली. मी ओरडले.

"गाडी काढा!"

"पण हिरवा..."

"हिरवा दिवा हिच्यासाठी श्वास घेणार आहे का?"

रस्ताभर मी तिच्या छातीकडे बघत होते. श्वास वर यायचा, अडायचा. माझ्या हातातली तिची पकड सैल होत गेली. मी तिला हाका मारत राहिले, पण माझाच आवाज मला ओळखू येईना.

रुग्णालयात विषावरचा उतारा चढवला, श्वासासाठी नळी घातली. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी नळी पुन्हा तपासली.

तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून श्वास घेऊ लागली. मग मी शेडवर गेले. सोबत पांढरा ट्रे आणि काळ्या रबरी नळीचा तुकडा होता. नणंदेच्या सापाचा फोटो गवतातला होता; दिवा सापाऐवजी त्याखालची जागाच बघतो की काय, हे मला तपासायचं होतं.

नळी ट्रेमध्ये ठेवून दादांना यंत्राने फोटो काढायला लावला. लाल! माणसं चार पावलं मागे सरली. तीच नळी गवतात टाकली. हिरवा!

"दादा, नळीचं विष इतक्यात उतरलं होय?" मागून कुणीतरी विचारलं.

"बाई, तुमची नजर लागली यंत्राला!"

मी त्यांचीच चप्पल ट्रेमध्ये ठेवली. लाल.

आता नणंदेचा नवराच पुढे झाला. "माझी बायको मरत होती. खरं बोला."

शेवटी दादांनी सगळं कबूल केलं. दिव्यदृष्टी वगैरे काही नव्हतं. तयार सॉफ्टवेअरमध्ये फोटो भरले, ते आपोआप शिकलं. विषारी सापांचे फोटो सगळे प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या ट्रेमधले, बिनविषारींचे गवतातले. यंत्र साप ओळखायला शिकलंच नाही, सापाखालची जागा ओळखायला शिकलं. आणि दादांनी त्याची परीक्षा घेतली तीही तसल्याच फोटोंवर. मग पास होणारच!

यंत्र जरूर वापरा. पण त्याला काय दाखवून शिकवलं, कुणी तपासलं, हे आधी विचारा. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हाती जीव देऊ नका. आणि साप चावला तर फोटोच्या मागे लागू नका. चावा बसलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, थेट रुग्णालय गाठा.