लाल फटाकडी

दुर्बिणीच्या उजव्या भिंगावर आतून बाष्प धरलं होतं, बाहेरून कितीही पुसा, जागचं हलेना, आणि दीपमालाला वाटलं, आजचा दिवसच असा... पलीकडच्या बांधावर कुणाचं तरी प्री-वेडिंग चाललंय, डोक्यावर ड्रोन भिरभिरतोय, बदकं तिसऱ्यांदा उठली, आणि पाटी मात्र केवढी ठळक : 'पक्षी अभयारण्य. शांतता राखा.' कुणी राखायची? बदकांनी?

तरी दहा मिनिटांपूर्वी पाणकणसांतून तो आवाज आला होता. घरंगळत खाली उतरणारी ती लांब शीळ... लाल फटाकडी. लाजरं पाखरू, सहसा कणसांबाहेर येतच नाही; तीन हिवाळे ती अकोल्याहून पहिल्या एसटीनं अमरावतीजवळच्या या तळ्यावर येत होती, ते त्याच्यासाठी. तिनं तिथंच पक्षिमित्रांच्या गटावर टाकलं होतं, 'लाल फटाकडी. सव्वाआठ. पाहिली.'

पाहिली. खरं तर ऐकली असं लिहायला अंगठा गेला होता, पण... ऐकलेल्या पाखराबद्दल प्रश्न तीच विचारते ना सगळ्यांना. गटाची यादी तीच तपासते, शाळेत विज्ञानाच्या वह्या तपासते तशी. गेल्या साली महादेवरावांनी हीच फटाकडी कळवली, सत्तरीचा माणूस, रोज सायकलवर तळ्यावर येणारा, तर तिनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, 'दिसली की नुसती ऐकली?' आणि नोंद खोडली. त्यानंतर त्यांनी काही कळवलंच नाही. आज मात्र लगेच उत्तर : 'बाई, तुमाले दिसली म्हंजे दिसली. अभिनंदन.'

भांडले असते तर परवडलं असतं. हे अभिनंदन कशाला?

"मॅडम!" कणसांमागून चिखलात पाय ओढत पियुष आला. बियाण्यांच्या दुकानात कामाला, गटात नवा. गळ्यात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा, काखेत तिपाई, हातात मोबाइल आणि एक छोटा स्पीकर.

तिनं त्या स्पीकरकडे बोट केलं.

"तुम्ही वाजवत होता? फटाकडीचा आवाज?"

"मंग! पंधरा मिनिटं वाजवून राहिलो."

"काहून पण?" तिच्या तोंडून घरचीच बोली निघाली. "आवाज वाजवून पाखरं बोलवायची नाहीत, किती डाव सांगायचं तुमाले? त्याले वाटते ना, दुसरी फटाकडी आपल्या जागेत घुसली म्हणून!"

"चुकलं, मॅडम. आता नाई वाजवत." त्यानं निमूट स्पीकर खिशात टाकला. चेहऱ्यावरचा आनंद मात्र तसाच. "पण आली ना! मले वाटलं, आज काई येत नाई. अन् तेवढ्यात तुमचा मेसेज! कुठून निघाली, सांगा ना."

सांगावं. आत्ताच. तुझा स्पीकर ऐकला रे बाबा मी, बाकी काही नाही... आणि महादेवरावांनाही. एका ओळीचं काम. हा माणूस हुज्जत तरी का घालत नाही, किती पटकन चूक कबूल करतो, जणू त्यात काही नसतंच —

"उजवीकडून," ती म्हणाली.

पियुषनं तिपाई रोवली, कॅमेरा उजवीकडे वळवला आणि श्वास रोखून बसला, तिनं सांगितलेल्या दिशेला नजर लावून, तिनंच शिकवलं होतं तसा, न हलता.

उजवीकडची कणसं हलली. बुडाशी, जराशी.

दीपमालानं दुर्बीण उचलली नाही. आता फटाकडी निघाली तर खोटं लिहिलेलंही खरं ठरणार होतं. वारा असावा तो, असं तिला फार मनापासून वाटत होतं.