बाबांच्या गाडीचा रंग

धाकटीने प्लास्टिकचा चमचा दादाच्या नाकासमोर धरला. चमच्याच्या पाठीवर सायीच्या रंगाचा ओला थर चमकत होता.

"हा! हा होता बाबांच्या गाडीचा रंग. नीट डोळे उघडून बघ."

"बघतोय. पण आईसाठीच करते आहेस ना? मग लाल कर."

झालं! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या मोटारींच्या तळहातावर मावतील एवढ्या प्रतिकृती रंगवणं हा तिचा धंदा. परक्यांच्या आजोबांच्या, काकांच्या गाड्या तिने हुबेहूब रंगवून दिल्या होत्या. बाबांची गाडी मात्र टेबलावर पहिल्यांदाच आली होती, आईच्या वाढदिवसासाठी, तिच्या उशाशी ठेवायला.

त्या गाडीच्या डिकीच्या रबराखालचा, ऊन न लागलेला रंगाचा एक पापुद्रा धाकटीने काडेपेटीत जपून ठेवला होता. त्याच्याशी जुळवून जुळवून तिचे डोळे दुखायला आले होते. मूळ रंग तसाच्या तसा दिला, तर एवढ्याशा गाडीवर तो काळपट वाटतो. म्हणून त्यात थेंबाथेंबाने पांढरा घालायचा, आणि एखादा थेंब जास्त पडला की गाडी आजारी दिसू लागते. टेबलभर असे रंग लावून पाहिलेले चमचे पसरले होते. आणि हा शहाणा म्हणतो, लाल कर!

लाल केली कुणी होती? ह्यानेच. बाबांना जाऊन महिना उलटला नाही, तोच गॅरेजमध्ये नेऊन गाडी लालभडक करून आणली. तेव्हा धाकटी त्याला नाही नाही ते बोलली होती. तो मुंडी खाली घालून ऐकत राहिला, त्याचाच तिला जास्त संताप आला होता. आताही ती उसळली.

"तुला जनाची नाही, मनाची तरी आहे का रे? बाबा रविवारी स्वतः पुसायचे ती गाडी. दुसऱ्याला फडकं लावू द्यायचे नाहीत. आणि त्यांच्या माघारी तू तिचं सोंग करून ठेवलंस!"

"हळू बोल. आई आत आहे."

"असू दे. तिलाही कळू दे."

दादा चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसला.

आई काठी टेकत दारात आलीच. "काय भांडताय लहान पोरांसारखे?"

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. धाकटीने तिला खुर्चीत बसवलं, चमचे तिच्यापुढे सरकवले.

"आई, तूच सांग. आपली गाडी ह्यातल्या कुठल्या रंगाची?"

आईने एकेक चमचा उजेडात धरला. "हे सगळे सारखेच आहेत की गं."

"सारखे कसे? हा पिवळ्याकडे झुकतो, हा..."

"असेल बाई. लाल नाही का ह्यात?"

"अगं, लाल दादाने केली होती! बाबांची गाडी..."

"त्याने नाही, मी करून घेतली. त्याला म्हटलं, भडकातला भडक लाल शोध, आणि कुणाला बोलू नकोस."

धाकटीने दादाकडे पाहिलं. तो अजून चष्माच पुसत होता.

"आणि तू गप्प बसलास? मी एवढं टाकून बोलले तरी?"

"आईने शपथ घातली होती," दादा म्हणाला.

"पण का, आई? बाबांचा जीव होता त्या गाडीवर."

"होता ना!" आईचा आवाज एकदम चढला. "बाहेरून फिकी, आतून फिकी. डाग पडेल म्हणून मी चपला हातात घेऊन आत बसायचं. तुम्ही बूट घालून खुशाल चढायचात, तुमच्या मागून ते हौसेने पुसायचे. माझ्या पायांचाच काय तो विटाळ! तुला शाळेत बक्षीस मिळालं, त्या दिवशी मी फाटकासमोर अनवाणी उतरले. सगळ्या बायका बघत होत्या. भर रस्त्यात एका पायावर उभी राहून चपला घातल्या मी."

"मला नाही आठवत असं काही."

"तुला कशाला आठवेल? तुझ्या पायांत बूट होते."

धाकटीचे कान तापले होते. बाबांच्या बाजूने काहीतरी बोलावं असं तिला फार वाटत होतं. शेवटी तिने एक कोरा चमचा घेतला. लाल रंगाची बाटली उघडली, त्यात सवयीने तपकिरी मिसळला, थोडा करडाही. छान भारदस्त, डोळ्यांना न खुपणारा लाल झाला. चमच्याला लावून तिने तो आईपुढे धरला.

आईने तो बराच वेळ पाहिला आणि परत केला.

"छे. हा तुझ्या बाबांना चालला असता."