खिशातले आठ बोल्ट

कामाची पँट धुवायला टाकावी म्हणून सुताराने खिसे चाचपले, तर हाती आले आठ लांब बोल्ट. हे तर कालच्या बाकात असायला हवे होते!

त्याची एक पद्धत होती. बाक आधी आखूड स्क्रूंनी लाकडी डेकच्या वरच्या फळ्यांना नुसता धरून ठेवायचा, बसून बघायचं, मग खालच्या वाशापर्यंत आरपार बोल्ट आवळायचे. काल लेकीच्या सासरी, घरामागच्या उंच डेकच्या अगदी कडेला, बाक नुसता धरून झाला आणि विहीणबाईंनी चहाला हाक मारली. चहा पिता पिता स्वारीने बढाई मारली, "हत्ती बसला तरी हलायचा नाही!" आणि हत्यारं गोळा करून थेट घरी. अरे माणसा, चाळीस वर्षं काय झोपेत रंधा मारलास?

बाकाच्या मागे दोन पुरुष खोल उतार, खाली दगड. लेकीला सातवा महिना. आज सगळे तिथेच बसणार होते.

फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. त्याने स्कूटर काढली. सिग्नल लाल, पुढचाही लाल. एरवी देवाचं नाव न घेणारा माणूस, आज रस्ताभर पुटपुटत होता.

पोहोचला तेव्हा लेक बाकावरच होती, मस्त मागे रेलून. ओरडावं तर ती दचकायची. तो हळूच जवळ गेला, दोन्ही हात पुढे केले.

"बाळा, माझे हात धर. पुढे झुकून ऊठ. सावकाश."

"काय झालं बाबा?"

"आधी ऊठ."

ती उठली. जावयाने बाकाला मागे जरासं ढकललं, तर पुढचे स्क्रू फळीसकट कर्रकन उपटून आले. जावई पांढराफटक पडला.

"बोल्ट मारायचे विसरलो," सुतार म्हणाला. "चूक माझीच."

त्याने उपटलेली फळी बदलली, भोकं पाडली, डेकखाली शिरून एकेक नट आवळला. मग स्वतः बसला, पाठ जोरात मागे रेटली. बाक हलला नाही. पण बसायलाही कोणी येईना. लेकसुद्धा दारातच उभी. या घरात आपल्या शब्दाची किंमत गेली, त्याला वाटलं, आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात अंगाने चांगल्या भरलेल्या विहीणबाई पदर खोचत आल्या.

"सरका तिकडे. हत्ती मिळाला नाही, म्हणून मीच आले."

आणि त्या धपकन बसल्या.