करंगळीने फिरला तर फिट

दचकू नका. आवाज बाहेरून येत नाही, तुमच्याच जिभेवरून येतोय. मी एक शब्द आहे. फिट. अक्षरं दोन, कामं दोनशे.

जन्माने मी परका. माझ्या जन्मगावी माझा पसारा फार मोठा. तिथे रागाचा झटका आला तरी मी, हसू आवरेना झालं तरी मीच. इकडे येताना एवढं बाडबिस्तर आणलं नाही. यंत्रांच्या पेट्यांबरोबर आलो, नटबोल्टांबरोबर उतरलो आणि कारखान्यात राहिलो. मग शिंप्याकडे गेलो. तिथे मी पहिल्यांदा माणसं पाहिली. माप देताना सांगतात, “अगदी फिट शिवा.” घालून पाहिलं की ओरडतात, “एवढं फिट?” नळवाल्याने मला तोटीला जोडलं. पैलवानाने दंडावर मिरवलं. कुणाला आकडी आली, तर लोक म्हणाले, “फिट आली.” तिथे मी बाई झालो. कसा, ते मला विचारू नका.

माझ्याच नावाचा एक इथला म्हातारा मला भेटला. अंधार फिटतो, हौस फिटते, डोळ्यांचं पारणं फिटतं, तो सगळा त्याचा कारभार. वाटलं, आता हा मला हाकलणार. पण तो जरा सरकला आणि म्हणाला, “बस.” बसलो. अजून बसलोय.

पण घर म्हणावं असं माझं एकच. फिटर मिस्त्रींचं तोंड.

मिस्त्रींचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक लेथ, एक लाकडी बाक आणि बाकावर काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी जबडा, म्हणजे व्हाइस. भिंतीवर प्रत्येक पान्ह्याची जागा खडूने आखलेली. पान्हा दुसऱ्या जागी टांगला, तर मिस्त्री बोलत नसत. नुसते बघत. तेवढं पुरे व्हायचं.

लोक मला दिवसातून वीस वेळा वापरतात आणि थुंकतात. मिस्त्रींचा नियम वेगळा. काम पुरं झालं, की भाग जागेवर बसवायचा आणि करंगळी लावायची. नुसती करंगळी. तिने शाफ्ट फिरला, तर एकदाच म्हणायचं, “फिट.” त्या एका शब्दावर गिऱ्हाईक डोळे मिटून काम घेऊन जात असे. एक्केचाळीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून एकदाही खोटा निघालो नाही. आणि एकदाही दुसऱ्याच्या कामासाठी निघालो नाही. हाताखालच्या माणसांना मिळायचं ते “बरं आहे” किंवा “घे पुन्हा”. तिघे जण रागावून निघून गेले. मिस्त्री म्हणाले, “जाऊ देत. कानस तरी इथेच ठेवून गेले.”

मिस्त्रींचा मुलगा शाळेत चित्रकला शिकवतो. त्याला रंगाचे डाग चालतात, ग्रीसचे चालत नाहीत. ग्रीस चालतं त्याच्या बायकोला. ती आधी एका कारखान्यात लेथवर होती. तो बंद पडला, तशी पदर खोचून सासऱ्याच्या बाकाशी येऊन उभी राहिली. चार वर्षं झाली. चार वर्षं मी तिच्या कामासाठी मिस्त्रींच्या ओठांपर्यंत यायचो आणि परत गिळला जायचो.

मग डॉक्टरांनी मला वापरलं. मिस्त्रींचे गुडघे दाबून पाहिले, बोटांच्या टोकांना सुई टोचली. मिस्त्रींना सुई कळलीच नाही. डॉक्टर म्हणाले, “मशीनजवळ उभं राहायला तुम्ही आता फिट नाही.”

त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

जेवताना मिस्त्री म्हणाले, “वर्कशॉप बंद करतो.”

“मी आहे ना, बाबा,” सून म्हणाली.

“तुझ्या कामाला मी अजून फिट म्हटलेलं नाही.”

“मग म्हणा.”

“म्हणायला काय, पोपटही म्हणतो.”

“अहो, चार वर्षं राबतेय ती,” मिस्त्रींची बायको म्हणाली.

“चार वर्षांत माणूस कानस धरायला शिकतो.” मिस्त्रींनी ताट सरकवलं. “सूनबाई, ऐक. बागेतला चक्रीपाळणा बंद पडलाय. त्याचं बुश झिजलंय. नवं बुश तू एकटी कर. मी हात लावणार नाही. शाफ्ट करंगळीने फिरला, तर किल्ली तुझी. नाही तर दाराला कुलूप.”

बुश म्हणजे ज्यात शाफ्टचा दांडा फिरतो ती धातूची जाड नळी. शाफ्ट तोच ठेवायचा, बुश नवं करायचं. सूनबाईने ते लेथवर कातलं. मग शाफ्टला निळा रंग चोपडायचा, बुशात घालून फिरवायचा आणि काढायचा. आत जिथे निळा डाग उमटेल तिथे धातू जास्त. तो स्क्रेपरच्या पात्याने खरवडायचा, केसाएवढा. पुन्हा रंग, पुन्हा डाग. सहा दिवस हेच. बागेतली पोरं शाळा सुटली की दारात गर्दी करायची. “मावशी, झालं का?” मावशीच्या नाकालाही निळा रंग. मिस्त्री खुर्चीवर पाठ फिरवून बसायचे आणि समोरच्या खिडकीच्या काचेत सगळं पाहायचे.

सातव्या दिवशी दुपारी सूनबाई जेवायला घरात गेली. तेवढ्यात मिस्त्रींना राहवलं नाही. बुशाला हात लावणार नाही असा शब्द होता, शाफ्टला नव्हता. त्यांनी शाफ्ट रॉकेलने धुतला, अंगणात फळीवर वाळत ठेवला आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. ऊन असं, की पत्रा तडतडत होता.

जागे झाले तर सूनबाई समोर उभी. “बाबा, बुश तयार आहे. शाफ्ट कुठाय?”

मिस्त्रींनी अंगणातून चिंधीत धरून शाफ्ट आणला. बुश व्हाइसमध्ये आवळलेलं होतं. शाफ्ट आत गेला, अर्धा, आणि अडकला. मिस्त्रींनी करंगळी लावली. हलेना. तळहात लावला. तरी हलेना.

“घट्ट आहे,” ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, हे मी सांगतो. मी तिथेच होतो, घशात. “सहा दिवस फुकट. आण तो स्क्रेपर. निदान मी तरी उरकतो.”

त्यांनी शाफ्ट ओढून बाहेर काढला, बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि पातं बुशाला भिडवलं. तेवढ्यात सूनबाईने त्यांचं मनगट धरलं.

त्या मनगटाला कामाच्या वेळी आजवर कुणी शिवलं नव्हतं.

“हात सोड.”

“नाही सोडत.”

“सून आहेस, उस्ताद नाहीस.”

“एक ओरखडा काढलात, तर बुश कायमचं सैल होईल. बाबा, आधी शाफ्टला हात लावून पाहा.”

“लावलाय.”

“बोटं नकोत.” ती हळू म्हणाली, “गाल लावा.”

मिस्त्री वाकले. म्हाताऱ्या गुडघ्यांचा कट्कन आवाज झाला. त्यांनी शाफ्टला गाल लावला आणि झटकन मागे घेतला. तवा तापावा तसं लोखंड तापून फुगलं होतं.

“तापलेलं लोखंड खोटं बोलतं,” सूनबाई म्हणाली. “हे कोण म्हणतं?”

मिस्त्रींनी हातातलं पातं बाकावर ठेवलं.

“मी,” मिस्त्री म्हणाले.

आवाज ऐकून त्यांची बायको बाहेर आली. “एवढंच ना? मग ओता की त्याच्यावर बादलीभर पाणी!”

“नको!” दोघंही एकदम ओरडले.

“बरं बाई, आता कसं एका सुरात!” ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

शाफ्ट सावलीत ठेवला. चहा झाला. मिस्त्रींनी गाल लावून पाहिला, नाही. दुसरा चहा झाला. पुन्हा गाल. बुशातला निळा रंग शाफ्टला लागला होता, त्याचा पट्टा म्हाताऱ्याच्या गालावर उमटला, पण सांगायची छाती कुणाचीच झाली नाही. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “निवला.”

शाफ्ट बुशात सरकला, लोण्यात सुरी जावी तसा. मिस्त्रींनी करंगळी पुढे केली आणि मागे घेतली.

“माझी करंगळी आता साक्षीला चालणार नाही. तुझी लाव.”

तिने लावली. शाफ्ट फिरला, एक फेरी, दोन फेऱ्या, आणि अलगद थांबला. ना खरखर, ना हेलकावा.

मी जिभेवर तयार बसलो होतो. चार वर्षं थांबलो होतो.

“फिट,” मिस्त्री म्हणाले.

एकदाच. मग खिशातून किल्ली काढून बाकावर ठेवली. “कुलपाला महिन्यातून एकदा तेल घाल.” बस्स. एवढं बोलून ते पाठ फिरवून नाक शिंकरायला गेले. सर्दी नव्हती त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळणा सुरू झाला. पोरांनी असा गलका केला, की कबुतरं उडाली. तिसऱ्या फेरीला सगळ्यांनी पाहिलं, पोरांच्या मधे मिस्त्रीही बसलेत, दांडी धरून, चेहरा तोच कडक. बायको ओरडली, “अहो, डॉक्टर काय म्हणालेत!”

“मशीनजवळ उभं राहू नका म्हणालेत,” फिरता फिरता मिस्त्री म्हणाले. “मी बसलोय.”

आता माझा मुक्काम सूनबाईच्या तोंडी आहे. बडदास्त तीच, कंजुषीही तीच. परवा मिस्त्रींनी घरातल्या डुगडुगणाऱ्या स्टुलाला नवा पाय बसवला आणि खाकरून विचारलं, “कसा झालाय?”

तिने स्टुलाला करंगळी लावली. स्टूल किंचित डुगडुगलं.

“घ्या पुन्हा,” ती म्हणाली.

मिस्त्री उठले. मिशीतल्या मिशीत हसत कानस शोधायला गेले. कानस आपल्या जागेवर होती.

तुम्हीही मला बोलवा. कपड्याला, नळाला, तब्येतीला, हवं तिथे. मी कामाला कधी नाही म्हटलं नाही. फक्त माझं नाव घेण्याआधी एकदा करंगळी लावून पाहा. आणि दुसऱ्याने काम चोख केलं असेल, तर मला चार वर्षं गिळून ठेवू नका. घशात फार गुदमरायला होतं हो.