वय बारा ते सोळा

"दाराला काही वाटत नाही, ते दार आहे." एवढं एकच वाक्य माझ्या नातीनं लिहून दिलं आणि त्यावर दहापैकी एक गुण घेऊन ती घरी आली. शाळेत लेखनाच्या नव्या बाई आल्या होत्या. त्यांनी वर्गाला सांगितलं, तुम्ही दार आहात अशी कल्पना करा आणि मनातलं लिहा. बाकीच्या मुलींची दारं म्हणे रडली, कुणाकुणाची वाट बघत बसली. आमच्या घरच्या बाईसाहेबांनी आपल्या लाँड्रीत येऊन दप्तर आपटलं आणि मला विचारलं, "आजी, आपल्या शटरला काय वाटतं गं?"

"तेल घाला असं वाटतं," मी म्हणाले.

ती हसली नाही. चादरींच्या ढिगावर पालथी पडली आणि लायब्ररीतून आणलेली कादंबरी उघडली.

मी चौथीतून शाळा सोडलेली. दुकानाच्या पाट्या वाचते, गिऱ्हाइकाचं नाव चिठ्ठीवर लिहिते, तेवढ्यावर माझं कधी अडलं नाही. पण या पोरीच्या कादंबऱ्या मला तोंडपाठ आहेत, कारण दुसऱ्या इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून ती मला त्या सांगते आणि सांगता सांगता सोलून काढते. प्रत्येकीत एक पंधरा वर्षांची मुलगी असते. ती नव्या गावात राहायला येते. तिथे उदास डोळ्यांचा एक मुलगा असतोच. मग कुणीतरी मरतं, नाहीतर कुणीतरी सोडून जातं, आणि शेवटच्या पानावर मुलगी पाण्याकडे बघत म्हणते की आता मला सगळं कळलं.

"तू सत्तरीला आलीस, तुला कळलं का सगळं?" तिनं मला विचारलं होतं.

मी म्हटलं, मला एवढंच कळलंय की रेशमी कापडावर इस्त्री उलट बाजूनं करायची.

पुस्तकाच्या पाठीवर 'वय बारा ते सोळा' असं छापलेलं असतं, तेही तिला डाचतं. म्हणते, औषधाची बाटली आहे का ही? सतराव्या वर्षी घेतलं तर काय होतं? मी म्हटलं, गुण येत नसेल. पण एवढं नावं ठेवूनही दर आठवड्याला नवा गठ्ठा आणतेच. मग वाचतेस कशाला, असं एकदा मी सरळ विचारलं. तेव्हा तिनं इस्त्री उभी ठेवली आणि विचार करून सांगितलं, "मधला भाग खरा असतो, आजी. शेवट आला की लिहिणारी मोठी माणसं घाबरतात."

तिची आई म्हणजे माझीच मुलगी. ही नऊ वर्षांची असताना ती कामासाठी लांबच्या शहरात गेली. आधी दर रविवारी फोन यायचा, मग कधीमधी, मग नंबरच लागेना. ती धडधाकट आहे आणि तिनं तिकडे दुसरा संसार थाटलाय, एवढं फिरत फिरत आमच्या कानावर आलं. गिऱ्हाइकं विचारायची, लेक कधी येणार? मी सांगायची, काम संपलं की येईल. पुढे विचारायची कुणाची छाती नव्हती.

तिचा निळा कोट मात्र दुकानातच राहिला. जायच्या आदल्या दिवशी धुवायला टाकला होता, तो वाळलाच नव्हता. आमच्याकडे न नेलेल्या कपड्यांची एक रीत आहे. ते पिशवीत कोंबून विसरायचे नाहीत. अधूनमधून बाहेर काढायचे, वारा द्यायचा आणि पहिल्या घडीवर न घालता नवी घडी घालायची. नाहीतर घडीच्या रेघेवर कापड पिवळं पडतं आणि तिथेच विरतं. कोटाचं हे काम आधी मी करायची. केव्हातरी नातीनं ते माझ्या हातून काढून घेतलं, आणि मी घेऊ दिलं.

तर लेखनाच्या बाईंनी पुढे एक काम दिलं, दुःख हा शब्द न वापरता दुःखाचं लिहा. त्या दिवशी पोरगी दप्तर न आपटता आली. म्हणाली, आज पहिल्यांदा काहीतरी अवघड दिलंय. सबंध रविवार कागद खरडत बसली, जेवायला चार हाका माराव्या लागल्या. तिचा मामा, म्हणजे माझा मुलगा, कपडे पोचवून आला. वाद घालते म्हणून तो हिला वकील म्हणतो. म्हणाला, वकीलसाहेबांनी आज कोर्ट घरातच भरवलंय वाटतं.

ती गोष्ट बाईंना इतकी आवडली की शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात स्टेजवर वाचायला त्यांनी हिलाच निवडलं. मी काय गप्प बसते? अख्ख्या गल्लीला सांगून झालं. पुढच्या रांगेत बसायचं म्हणून मामाच्या शर्टाला खळसुद्धा दिली.

आणि आठवड्याभरानं ही येऊन म्हणते, मी वाचणार नाही. बाईंना शेवट बदलून हवा होता. दोन ओळी वाढव, जरा उमेद दिसू दे, म्हणाल्या होत्या.

मामा म्हणाला, दोन ओळींनी काय आभाळ कोसळतंय? मीही त्याचीच री ओढली. मला ती स्टेजवर हवी होती. म्हटलं, घाल की गं दोन ओळी, कुठे अंगाला भोकं पडतायत.

"आधी ऐक तरी," ती म्हणाली आणि उभ्यानंच वाचायला लागली.

गोष्ट लहानशीच होती. एका लाँड्रीत एक मुलगी असते. एक बाई निळा कोट टाकून जाते आणि न्यायला येत नाही. मुलगी दर वेळी त्याची घडी बदलते. बटणं हलली की घट्ट करते. सुरुवातीला कोट उचलायला तिला स्टुलावर चढावं लागतं, पुढे लागत नाही. मग एक दिवस दुकानात कुणी नसताना ती तो अंगात घालते. बाह्या बरोबर मनगटापर्यंत येतात. संपली गोष्ट.

मामा टपरीवर जाऊन येतो म्हणाला आणि गेला. मी विचारलं, "कधी घातलास?"

"गेल्या थंडीत. तू दवाखान्यात गेली होतीस तेव्हा."

"खांद्यात?"

"खांद्यातपण बसला."

बाईंना काय हवंय, ते मी विचारलं. त्यांना हवं होतं की कोट घातल्यावर दाराची घंटी वाजावी आणि ती बाई कोट न्यायला यावी.

दुसऱ्या दिवशी मी दुकान मामावर टाकलं आणि शाळेत गेले. लेखनाच्या बाई वयानं माझ्या लेकीएवढ्या, बोलायला गोड. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पोरीचं तोंड भरून कौतुक केलं आणि समजावलं की कार्यक्रमाला लहान मुलं असतात, पालक असतात, शेवट फार कोरडा वाटतो, ऐकणाऱ्यांना या मुलीचीच काळजी वाटेल.

मी म्हटलं, बाई, दुःख हा शब्द वापरायचा नाही हे तुम्हीच सांगितलंत आणि तिनं तो वापरला नाही. आता त्याच्यावर साखर पेरायलाही तुम्हीच सांगता.

"आजी, शेवटी ती परत आली तर बिघडतं काय? गोष्टच तर आहे."

"तिला यायचं असेल तर ती तिच्या पायांनी येईल," मी म्हणाले. "माझ्या पोरीनं तिला पेनानं ओढून आणायचं नाही."

बाई म्हणाल्या, मी गोष्टीतल्या बाईबद्दल बोलतेय.

"मीही तिच्याचबद्दल बोलतेय. ती येणार नाही."

इतक्या वर्षांत हे माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, तेही परक्या बाईसमोर, भर उजेडात. बाईंनी कागद फाइलीत ठेवला. मग हळूच म्हणाल्या की असं असेल तर स्टेजवर घेता येणार नाही, तसं वरून ठरलेलं आहे. मी विचारलं, गुण किती दिलेत? पूर्ण दिलेत, म्हणाल्या. मग राहू दे तुमचं स्टेज, म्हटलं आणि उठले. दाराबाहेर पोरगी भिंतीला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, बघतेस काय, वर्गात जा.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून दुकानात ही झुंबड. सगळ्या पोरापोरींना आजच कडक इस्त्री हवी होती. हिच्याच वर्गातली एक मुलगी पांढरा झगा घेऊन धापा टाकत आली. नातीच्या जागी स्टेजवर तीच वाचणार होती. नातीनं झगा घेतला आणि टेबलावर पसरला. तू काय लिहिलंस, असं सहज विचारलं. ती मुलगी म्हणाली, माझी आजी वारते आणि त्यातून मी धीट होते.

"वारल्या? कधी?"

"छे गं, बाहेर गाडीत बसलीये."

मी तोंड फिरवून बटणं शोधायला लागले. मला वाटलं, आता आमची वकिलीण हिची सालटी काढणार. पण तिनं झग्याची एकेक चुणी बोटानं धरून सरळ केली. वाफ दिली. कॉलर उलटी करून आधी आतून दाबली, मग बाहेरून, अगदी टोकापर्यंत, मी शिकवलं त्याहून सावकाश. झगा हँगरला लावून दोन्ही हातांनी त्या मुलीपुढे धरला.

"वाचताना मान खाली घालू नकोस," ती म्हणाली, "कॉलर मोडते."

आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा शर्ट टेबलावर ओढला.