एवेलिओचा तेहो

"आता जे सांगतो ते तुमच्यातल्या एकालाही पटायचं नाही. माझ्या आईलासुद्धा पटलं नव्हतं. आणि मी दारूला शिवत नाही, हे त्या माउलीला मरेपर्यंत पटलेलं होतं!"

मिसाएल पाचोननं अशी सुरुवात केली की रोसाल्बाच्या अड्ड्यावरची माणसं बिअरचे क्रेट पुढं ओढून बसत. डोंगरावरच्या त्या गावात शनिवारची दुपार तेहोचीच असे. लांबून लोखंडी चकती फेकायची. चिखलात ठेवलेल्या बारुदीच्या पुडीवर ती नेमकी बसली की धडाम! त्या चकतीलाच तेहो म्हणायचं. ज्याचा त्याचा वेगळा. गावातला गडी एक वेळ बायकोला माहेरी ठेवील, पण जिवात जीव आहे तोवर तेहो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही.

रोसाल्बाचा नवरा एवेलिओ आणि मिसाएल लष्करातून एकदमच निवृत्त झाले आणि एकदमच एका कंपनीतर्फे वाळवंटातल्या अमिराकडे गेले. अमिराची लढाई शेजारच्या मुलखात चालली होती, आणि आपला एकही शिपाई तिथं नाही असं त्यानं जगाला छातीठोक सांगितलं होतं. खरंच होतं ते. तिथं होते ते सगळे या डोंगरातले.

मिसाएल परतला. एवेलिओ नाही. कंपनी म्हणाली, या नावाचा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच. कुठं लढलो, कुणासाठी, कोण पडलं, यातलं काही खरं तोंडातून काढणार नाही, अशी मिसाएलनं सही दिलेली. खोटं बोलू नये असं मात्र त्या कागदात कुठंच नव्हतं.

म्हणून त्याच्या गोष्टींत एवेलिओ दरवर्षी जिवंत असे. आणि म्हणून पाववाला पार्मेनिओ, रोसाल्बाला मागणी घालून, दरवर्षी ताटकळत असे.

आज तिनं बाटल्या पुसता पुसता सांगितलं होतं, "भाऊजी, एवेलिओचं आज शेवटचं सांगा. तो असेल तर मी त्याची बायको आहे. उद्या पार्मेनिओला उत्तर द्यायचंय."

मिसाएलनं अंगावरची लोकरी रुआना खांद्यावर नीट ओढली.

"तर तिथं चिखल कुठला? नुसती वाळू. संध्याकाळ झाली की गावाकडचं धुकं आठवायचं, बटाट्याचं सूप आठवायचं, आणि एवढे मोठे गडी तोंड फिरवून नाक शिंकरायचे. मग एवेलिओनं अमिराच्या कोठारातला खजूर काढला, उंटिणीच्या दुधात तुडवला—"

"परवा शेळीचं होतं," पार्मेनिओ म्हणाला.

"परवा उंटीण गाभण होती. मध्ये बोलू नकोस, पाव करपेल तुझा. तर चिखल झाला. काडतुसं फोडून बारूद काढली, आणि एवेलिओनं तेहो फेकला. असा हलकेच, मनगटातून, आणि वर ते हसणं. आठवतं ना, रोसाल्बा?"

तिचा हात बाटलीवर थांबला. "आठवतं."

"असा आवाज झाला की पलीकडच्या टेकडीवरच्या शत्रूनं बनियनं काढून काठीला बांधली! रेडिओवर अमिराचा मंत्री म्हणाला, 'आमचा तिथं एकही माणूस नाही, आणि त्यांनी मोठा विजय मिळवलाय.' पदकं आली. पण नसलेल्या माणसांना लावायची कशी? शेवटी उंटिणीच्या गळ्यात घातली."

हसू उसळलं. रोसाल्बा हसली नाही. "आणि तो?"

"तो म्हणाला, आपण इथं नाहीच, तर आपल्याला अडवणार कोण? तेहो बगलेत मारला आणि निघाला बंदराकडे, गाणं म्हणत. आता तिथं मक्याच्या अरेपा भाजून विकतो."

"मग घरी का येत नाही?"

"परतीचं तिकीट कोण देणार? तो तिथं गेलाच नव्हता ना!"

पुन्हा हशा. "आता माझा डाव," म्हणत मिसाएल उठला. त्याचा स्वतःचा गुळगुळीत तेहो खुंटीवरच्या पिशवीत होता. तिकडं तो गेलाच नाही. रुआनेखालून त्यानं एक जुनी चकती काढली, तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि रोसाल्बासमोर फळीवर ठेवली.

कडेला खाच होती. लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर एवेलिओच्या खिशातून पडून झालेली. तेव्हा ती रुसली होती की आजच्या दिवशीसुद्धा हे धूड बरोबर हवंच का!

तिनं चकती उचलून पोटाशी धरली. पार्मेनिओनं डोक्यावरची टोपी काढली.

"हा तुमच्याकडे टाकून तो बंदराकडे गेला?" ती म्हणाली. "मला टाकलं असतं त्यानं, याला नसतं टाकलं. खोटं बोलताय, भाऊजी. इतकी वर्षं खोटं बोलताय."